विमानांची खोली

बाबा, तुमची विमानं गेली. अकराच्या अकरा गेली. गोधड्यांत गुंडाळून, मध्ये उशा कोंबून, एकावर एक न चढवता शेजारी शेजारी बसवून, अगदी तुम्हाला हवी असती तशी टेम्पोतून गेली. मीच बांधली. कुठल्या पंखाला कुठे हात लावायचा, कुठे लावायचा नाही, हे इतक्या वर्षांनी माझ्या हातांना न विचारता आठवत होतं, आणि त्याचाही मला राग येत होता. तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली, आता तरी हा राग ओसरायला हवा असं लोक म्हणतात. लोकांना काय जातंय म्हणायला!

आपली मालाडची बिल्डिंग पाडायला घेतलीय. सोसायटीची आणि बिल्डरची एकदाची सही झाली, महिनाअखेर घरं रिकामी करा अशी नोटीस जिन्यात लागली आणि सगळ्यांची आवराआवर सुरू झाली. शेजाऱ्यांच्या घरातून जुनी कपाटं निघाली, पितळेची भांडी निघाली, कुणाकडे पाळणा निघाला. आपल्या घरातून काय निघणार ते सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. येता-जाता विचारायचे, "काय गं, विमानांचं काय करणार?" आईचं काय करणार, असं एकानेही विचारलं नाही.

हॉल, स्वयंपाकघर आणि आतली एक खोली, एवढं आपलं घर. त्यातली आतली खोली विमानांची. तुम्ही कारखान्यात पॅटर्नमेकर होता, ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवायचात, दिवसभर दुसऱ्यांच्या मापाचं लाकूड तासायचात. मग घरी येऊन स्वतःच्या मापाचं. ते मला कळतं, अगदी चांगलं कळतं. पण तुमचं माप रिमोटवर उडणाऱ्या विमानांचं, आठ फुटांच्या पंखांचं होतं. इतकं मोठं विमान बनवून कपाटावर टाकता येत नाही, आणि कसं ठेवायचं याचे तुमचे नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ होते. पंख भिंतीला टेकवायचे नाहीत, टेकलेल्या टोकावर भार येऊन पीळ बसतो. एकावर एक ठेवायचे नाहीत. नायलॉनच्या दोरीने टांगायचे नाहीत, दोरी पंखावर ताणून बसवलेल्या कव्हरमध्ये रुतते. म्हणून छताला लोखंडी पाईप आणि पाईपवरून सोडलेल्या आईच्या जुन्या सुती साड्यांच्या रुंद झोळ्या. बॉडी नाक खाली करून टांगायची, नाहीतर इंजिनातलं उरलेलं तेल मागे लाकडात उतरतं. खोलीत शिरलं की इंजिनांत घालायच्या एरंडेलाचा आणि व्हार्निशचा वास यायचा, आणि वाकून चालावं लागायचं. वर पंख, समोर शेपट्या. माणसाला उभं राहायला जागा होती ती तुमच्या कामाच्या टेबलापाशी, आणि तीही एकालाच.

आणि तो बल्ब. जून लागला की खोलीत शंभरचा बल्ब चालू व्हायचा तो दसऱ्यापर्यंत चोवीस तास. विमानांचं ते हलकं बाल्साचं लाकूड हवेतलं पाणी पितं, खोली कोरडी राहायला हवी. दाराच्या फटीला तुम्ही रबराची पट्टी मारली होती, बाहेरची ओल आत जाऊ नये म्हणून. बाहेर कोण होतं, बाबा? बाहेर आम्ही होतो. हॉलची भिंत पश्चिमेची, चार महिने पाऊस तिलाच झोडपायचा. पोपडे पडायचे, काळी बुरशी यायची, आणि त्या भिंतीला लागून खाली आईची गादी. सकाळी मी गादीची घडी घालायचे तेव्हा तिची एक बाजू हाताला गार लागायची. तुम्हीही हॉलमध्येच झोपायचात हे मला मान्य आहे. पण तुमचा दिवाण आतल्या भिंतीला होता. आईला दमा लागला तेव्हा तुम्ही डॉक्टर बदललेत, औषधं बदललीत, तिला वाफ घ्यायला नवं भांडं आणलंत. भिंत बदलायचं तुमच्या डोक्यात कसं आलं नाही?

तुम्ही वाईट माणूस असतात तर सोपं झालं असतं. दारू पिणारे, हात उगारणारे असतात तर चार बायका आईच्या बाजूने बोलल्या असत्या. पण तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, पगार घरी दिलात, माझ्या शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला आलात. पाहुणे आले की तुम्ही खोली उघडायचात, लोक तोंडाचा आ करून वर बघत राहायचे, "झकास हो, काय कला आहे!" म्हणायचे, आणि तोवर आई हॉलमधलं अंथरूण आवरून चहा टाकायची. एवढ्या गुणी माणसावर रागवायचं तर उभं कुठे राहायचं? मी लहानपणी तो प्रयत्नच सोडून दिला होता.

लहानपणी तर मी तुमच्याच पक्षात होते. बॉडी जिन्याच्या वळणावर वळायची नाही, म्हणून तुम्ही खोलीच्या खिडकीच्या ग्रिलला दार करून घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावरून विमान दोरीने खाली सोडायचात आणि खाली कंपाउंडमध्ये दोन्ही हात वर करून मी. कंपाउंडमधली सगळी पोरं बघत असायची. मग रिक्षा, रिक्षातून बाहेर आलेलं शेपूट, आणि मढच्या बाजूची ती मोकळी जागा. मला आजही त्या सकाळी जशाच्या तशा दिसतात. गवतावर दव आहे, लांब कुठेतरी सुकटीचा वास आहे, तुम्ही पंखावर एक डोळा मिटून बघताय आणि मला म्हणताय, "बघ, सरळ आहे की नाही." दहावीला मला चांगले मार्क मिळाले तेव्हा तुम्ही मला पिवळ्या विमानाची बॉडी पुसायला दिलीत, मलमलचं नवं फडकं आणून. बक्षीस म्हणून. मी ते बक्षीस म्हणूनच घेतलं, मैत्रिणींना सांगितलंही.

आई एकदाच आली होती मढला. घावणे आणि चटणी बांधून घेतली होती तिने, आणि तुमचा नेहमीचा दोस्त आला नव्हता म्हणून इंजिन सुरू करताना शेपूट धरायला कुणी नव्हतं. तुम्ही तिला बोलावलंत. तिने पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी शेपूट धरलं. इंजिन सुरू झालं, वाऱ्याने तिचा अंबाडा सुटला, आणि ती हसायला लागली. इतक्या मोठ्याने हसताना मी तिला त्याआधी बघितलं नव्हतं. "सोडू काय? आता सोडू काय ओ?" असं ओरडत होती. तुम्ही म्हणालात, "घट्ट धर, विमान आहे ते, वांगं नव्हे!" मग विमान सुटलं, वर गेलं, आणि ती तोंड वर करून ते वळेल तशी स्वतःभोवती फिरत राहिली. परत येताना रिक्षात विचारत होती, पुढच्या रविवारी परत जायचं काय. पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही कारखान्यातून एक लोखंडी खुंटी बनवून आणलीत. जमिनीत ठोकायची आणि शेपूट त्यात अडकवायचं. म्हणजे कुणाची गरज नको. तुम्हाला वाटलं असेल तुम्ही तिचा त्रास वाचवलात.

आणि तो ड्रेस. मी सातवीत होते, जुलै महिना, शाळेचा ड्रेस दोन-दोन दिवस वाळायचा नाही. आईने तो तुमच्या खोलीत, झोळ्यांच्या पाईपवर रिकाम्या जागी टाकला. सकाळी काय सुंदर वाळला होता! बल्बची ऊब त्यात शिल्लक होती. बाहेर धो धो पाऊस आणि मी अंगात गरम ड्रेस घालून जिना उतरतेय, असं आठवडाभर चाललं. रविवारी तुम्ही पिवळ्या विमानाचा पंख उतरवलात, एक डोळा मिटून बघितलंत, परत बघितलंत आणि बाहेर आलात. "इथे काय वाळत घातलं होतं?" आई म्हणाली, "पोरीचो ड्रेस." तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर आई उलट ओरडली असती, तिला येतं. तुम्ही तो पंख वाफेवर धरून, उलटा पीळ देऊन, वजनं बांधून दोन दिवसांत सरळ केलात, तोवर आमच्याशी एक शब्द बोलला नाहीत, आणि मंगळवारी कामावरून येताना कुलूप आणलंत. छोटं, पितळेचं. किल्ली तुमच्या शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीवर. आईच्या हाताला लागेल अशी. तिने ती कधी घेतली नाही. त्यानंतर ती रोज सकाळी माझा ओला ड्रेस इस्त्रीने वाळवायची आणि तो निम्माशिम्मा वाळलेला ड्रेस घालून मी शाळेत जायचे. पाठीला चिकटायचा. आज या वयातही इस्त्रीच्या वाफेचा वास आला की माझं डोकं फिरतं.

लग्न मोडून परत आले त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलते. एकतीस वर्षांची होते, हातात एक बॅग होती. दार तुम्ही उघडलंत. काही विचारलं नाहीत, त्याबद्दल तेव्हाही मनात आभार मानले होते, आजही मानते. बॅग माझ्या हातातून घेतलीत आणि हॉल ओलांडून गेलात. एक क्षण मला खरंच वाटलं, आतल्या खोलीकडे चाललेत. तुम्ही ती बॅग दिवाणामागे, भिंतीच्या फटीत नीट बसवलीत आणि म्हणालात, "काही लागलं तर सांग." मला दार लागत होतं, बाबा. रडायला एक दार लागत होतं. मी दोन महिने बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तेव्हा तुम्ही उडवणंही बंद केलेलं होतं, मढची जागा गेली होती, परवानग्या सुरू झाल्या होत्या. नुसती टांगलेली होती ती. न उडणाऱ्या विमानांना खोली होती.

तुम्ही गेलात ते दिवाणावर, दुपारी, पेपर वाचता वाचता. तेराव्यानंतर मी आईला म्हटलं, आता खोली रिकामी करू, तू आत झोप, कोरडी आहे, बरं वाटेल तुला. ती म्हणाली, "नको गो. तेंची खोली आसा ती. माका हयच बरा." दर वर्षी विचारलं, दर वर्षी हेच. मी चिडून त्या दाराकडे बघणंच सोडलं. म्हटलं, सडू देत. मला मनापासून वाटत होतं की आत सगळं वाकून, बुरशी लागून, वाळवीने खाऊन संपलं असेल. आत जाऊन बघावं असंही कधी वाटलं नाही, ते संपतंय एवढं पुरे होतं.

मग आता बिल्डिंगच्या निमित्ताने तुमच्या दोस्ताला फोन केला. काका अजून टुणटुणीत आहेत, मढला मेव्हण्याच्या बंगल्यामागे त्यांनी शेड टाकलीय. आले, कुलूप काढलं, आत गेले, आणि बराच वेळ बाहेरच येईनात. मी दारातून डोकावले तर एक पंख उतरवून, एक डोळा मिटून बघत होते. तुमच्यासारखेच. "अगं, ही खोली बंद होती ना?" म्हणाले. मी म्हटलं, नऊ वर्षं. "शक्यच नाही यार! माझ्याकडच्यांची दोन पावसाळ्यांत वाट लागली. हे बघ ना, एकाला पीळ नाही. कव्हर कसं तंग आहे! बल्ब कोण लावत होतं इथे?" मी म्हणणार होते, कुणी नाही. पाठीमागून आई म्हणाली, "मी."

नऊ पावसाळे, बाबा. जूनमध्ये लावायचा, दसऱ्याला काढायचा. मी अंधेरीला ऑफिसात गेले की कुलूप उघडून बघायची. तुमच्या रबराच्या पट्टीमुळे उजेडाची रेघसुद्धा बाहेर आली नाही. तसले बल्ब आता कुठे मिळत नाहीत, तर ती धापा टाकत बाजारात जाऊन एका जुन्या दुकानदाराला सांगून ठेवायची, तो कुठूनतरी मिळवून द्यायचा. आणि परत येऊन त्या ओल्या भिंतीला झोपायची. मी काकांसमोरच तिच्यावर ओरडले. म्हटलं, "तुला दमा आहे, आणि तू लाकडाला शेक देत होतीस? मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सांगून काय? तू बल्ब काढून टाकलो असतंस." मी म्हटलं, "टाकलाच असता! काय बिघडलं असतं?" काका स्क्रूच्या डबीत काहीतरी शोधायचं नाटक करत होते. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आत पाय न टाकता. म्हणाली, "इतकी वर्सां मी भायर निजलंय. ती वाकडी झाली असती, तर माझा निजणा फुकट गेला असता."

त्या वाक्याचं मी काय करायचं, सांगा ना. ती तुमच्यावर प्रेम करत होती असं म्हणून मोकळं व्हायचं? काका तेच म्हणाले, डोळे पुसत. मला तसं अजिबात वाटत नाही. तिच्यापाशी दाखवायला दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून तिने ते राखलं. तिच्या आयुष्याचा दमडीएवढाही हिस्सा नसलेल्या खोलीची ती राखणदार झाली. आणि हे तुम्ही केलंत, कुणावर न ओरडता, एका पितळेच्या कुलपाने.

विमानं परत खिडकीतूनच काढावी लागली. वर दोरी धरून मी, खाली काका आणि टेम्पोवाला. पिवळ्याची बॉडी हवेत लोंबकळत असताना हात मोकळे सोडून द्यावेत असं मला इतक्या जोरात वाटलं की मी दोरीचा वेढा मनगटाला घालून घेतला. खालून आई ओरडत होती, "हळू गो! शेपूट सांभाळ!" माझ्या तळव्यांची सालं निघाली होती, ते तिला खालून दिसणार नव्हतंच.

आता आम्ही याच रस्त्यावर पुढे एका नव्या बिल्डिंगमध्ये भाड्याने आलोय. सातवा मजला, लिफ्ट आहे, भिंती कोरड्या. एक बेडरूम आहे आणि घर बघतानाच मी ठरवलं होतं, ती आईची. खिडकीशी पलंग लावला, उशाशी तिचा दम्याचा पंप, पाण्याचा तांब्या, नवी चादर. मला काय वाटत होतं ते तुम्हाला सांगूनही कळणार नाही. कुणीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं. दोन दिवस ती तिथे झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हॉलमध्ये, भिंतीला लागून, जुनी गादी घालून झोपलेली. "माका थंय घुसमाटता," म्हणाली. "कोण इला, कोण गेला, कायच कळणा नाय." मी समजावलं, भांडले, गादी ओढत आत नेली. ती ओढत बाहेर घेऊन आली. आठवडाभर आमचं हेच चाललं होतं, आणि शहात्तर वर्षांच्या बाईशी गादीवरून ओढाताण करताना मी रोज तुम्हाला शिव्या घालत होते.

मग एका सोमवारी ऑफिसचा कॉल होता. आठवड्यातले तीन दिवस मी आता घरून काम करते, आणि हॉलमध्ये कुकरच्या शिट्ट्या. म्हणून कॉलपुरता लॅपटॉप आत नेला. मग खुर्ची नेली. मग रोज कुठे ने-आण करायची म्हणून तिथेच ठेवला. मग कपडे. आई म्हणाली, "पलंग रिकामो कित्याक ठेवतंस?" एवढंच निमित्त मला पुरलं. बाबा, त्या पलंगावर मला फार छान झोप लागते. दार लावून घ्यायचं, पंखा लावायचा, कुणी हाक मारत नाही. सत्तेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदा दार मिळालंय. पहिल्या दिवशी तर मी नुसती बंद दाराकडे बघत पडून राहिले होते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाठवायला तुम्ही नाही, आणि असतात तर मी हे पुढचं लिहिलंही नसतं. आज रविवार आहे, दुपारचे चार वाजून गेलेत, मी त्या खोलीत बसून हे लिहितेय आणि दार लावलेलं आहे. मघाशी आई चहा घेऊन आली. तिने दार वाजवलं. तिला कुणी शिकवलं नाही की मी सांगितलं नाही, ती आपणहूनच वाजवते, आणि मी 'ये' म्हणेपर्यंत बाहेर थांबते. आज मी 'ये' म्हटलं नाही. बसल्या जागेवरून म्हणाले, "तिथेच ठेव गं, येते मी." त्याला आता अर्धा तास झाला.